दवंडी ऐकली कुणी?

मेंढ्यांच्या चोरीची म्हणून आलेली एक फिर्याद माझ्या सबंध नोकरीत मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ती दुपार आजही माझ्यासमोर जशीच्या तशी उभी राहते. खून, दरोडे, दंगे यांचे तपास मी पुष्कळ केले. त्यांतली बरीच प्रकरणे आता कागद पाहिल्याशिवाय नीट सांगता येणार नाहीत. हे मात्र सांगता येते. कुणाचे नाव देत नाही. काही मंडळी हयात आहेत आणि काहींची मुलेबाळे त्याच भागात नांदतात.

निजामी अंमल जाऊन थोडी वर्षे झाली होती. हैदराबाद राज्य अजून होते. जालना तेव्हा जिल्हा नव्हता. भोकरदन तालुक्यातला एक भाग माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता आणि हसनाबादच्या आठवडी बाजाराचा बंदोबस्त आमच्याकडे असे. कागदावर मी सब-इन्स्पेक्टर होतो, पण लोकांच्या तोंडी जुनाच शब्द बसलेला होता. ते मला ‘अमीनसाब’ म्हणत. ठाण्यात एक जुने जमादार होते. निजामाच्या वेळेपासूनची नोकरी, पांढऱ्या मिशा, आणि हद्दीतल्या प्रत्येक पायवाटेची माहिती. सकाळची हजेरी झाली, रोजनाम्यात नोंदी झाल्या, की शिपायांना कामे वाटून देणे हे त्यांचे काम. त्यात मी सहसा हात घालत नसे.

त्या दुपारी एक धनगर ठाण्यात आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मागे सतरा-अठरा वर्षांची मुलगी.

“अमीनसाब, माझी चार मेंढरं चोरीला गेली. लिहून घ्या.”

“कधी?”

“झाले की लई दिवस.”

“कुठून गेली?”

“घरून. मेंढरांच्या वाड्यातून.”

“कुत्रं नाही का वाड्यावर?”

“हाय की. दोन हाईत.”

“मग भुंकली नाहीत?”

तो पायाकडे पाहू लागला. जमादार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “मामा, दोन्ही कुत्री रजेवर गेल्ती का?”

जनावर चोरीला गेलेला माणूस ठाण्यात आला, की आधी जनावराचे वर्णन सांगतो. रंग, कानाची खूण, कुठला पाय लंगडतो, सगळे. स्वतःचे नाव आपण विचारले तरच सांगतो. या माणसाने वर्णनाचा एक शब्दही काढला नव्हता. फिर्याद खोटी आहे हे कळायला वेळ लागला नाही. ती खोटी का आहे, हे कळायचे होते.

“आबा, खरं सांगा न,” मागून मुलगी म्हणाली. मग तीच पुढे आली. “चोरी न्हाई झाली साहेब. आम्हीच नेऊन दिली मेंढरं.”

तिची हकीकत अशी होती. तिचे मामा जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांच्याकडे राहून ती मराठी सातवी पास झाली होती. गावी परत आल्यावर बाजारात बसणाऱ्या एका माणसाने तिच्या वडिलांना गाठले. हा माणूस पूर्वी कचेरीबाहेर अर्ज लिहून देत असे. कोर्टाची पायरी तो कधी वकील म्हणून चढला नव्हता, तरी लोक त्याला ‘वकीलसाब’ म्हणत आणि तोही म्हणू देत असे. तो म्हणाला, नव्या शाळांवर मास्तरणीची एक जागा आहे. एकच आहे. गुपचूप मिळवावी लागते. चार मेंढ्या आणून दे, पोरीचे नाव लावतो.

“दिली मेंढरं,” धनगर म्हणाला. “मंग म्हने, दुसरा एक जन सहा देऊन राह्यला. तू अजून दोन दे. मी म्हनलं, न्हाई जमत, माझी चार वापस द्या. तर मलाच म्हने, कोन्ती मेंढरं? मी तुला वळखत बी न्हाई.”

“म्हणून चोरीची फिर्याद?”

“मंग काय लिवू साहेब? मी येडा झाल्तो, असं?”

जमादार हसले, मीही हसलो. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, “मेंढरं ऱ्हाऊ द्या साहेब. जागा हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

हा प्रश्न मला कुणी ठाण्यात विचारलेला नव्हता. मी जमादारांकडे पाहिले, जमादारांनी माझ्याकडे. आमच्या हद्दीत बंदुकीचे परवाने किती, दारूच्या भट्ट्या कुठे, हद्दपार केलेले कोण, हे आम्ही झोपेत सांगितले असते. शाळा किती मंजूर झाल्या, मास्तर किती हवेत, हे त्या ठाण्यात कुणालाच माहीत नव्हते. हद्दीतल्या कुठल्याच गावात ते माहीत नव्हते, हे पुढे कळले.

धनगराचा जबाब नव्याने घेतला. खोटी फिर्याद मागे, खरी पुढे. दुसऱ्या दिवशी घोडे काढून मी तालुक्याला शाळा तपासनीसांकडे गेलो.

तपासनीस सरळ गृहस्थ होते. पुणेरी पगडीतले वाटावे असे नीटनेटके बोलणे, पण कोट बाह्यांवर झिजलेला. मी विचारले, मास्तरणीची जागा एकच आहे का? ते खुर्चीतून उठलेच.

“एक? अहो, माझ्याकडे जागाच जागा आहेत! गावोगावी मराठी शाळा मंजूर झाल्या. मुलींच्या शाळांसाठी तर बायका मिळत नाहीत म्हणून मी मेटाकुटीला आलोय. सातवी पास असली की पुरे. पुढचं शिक्षण सरकार देणार. जागांच्या निम्मेसुद्धा अर्ज नाहीत.”

“यासाठी काही द्यावं लागतं?”

“अर्ज द्यावा लागतो,” ते म्हणाले. “दुसरं काय?”

“मग लोकांना हे सांगितलं का नाही?”

आता ते थोडे दुखावले. “सांगितलं नाही कसं? गावोगाव दवंडी दिली. प्रत्येक गावाचा दवंडी दिल्याचा दाखला माझ्याकडे आलाय. तुम्हाला स्पष्ट सांगतो, लोकांनाच नकोय. पुढच्या बाजारानंतर तीन दिवसांनी मुदत संपते. अर्ज आले नाहीत, की मंजूर शाळा वापस जातील. वर लिहावं लागेल, या भागात शिकवायला माणूस नाही आणि शिकायला हौस नाही.”

त्यांनी मंजूर शाळांची गावे वाचून दाखवली. धनगराच्या गावाचे नाव त्यात होते. मुलींची शाळा. ती मुलगी ज्या गावात राहत होती त्याच गावात शाळा मंजूर होती, शिकवणारी मिळत नव्हती, आणि शिकवू शकणारी मुलगी चार मेंढ्या गमावून ‘जागा आहे का’ म्हणून पोलिसाला विचारत होती.

मी हिशेबी माणूस आहे. घरचा किराणाही मी मांडून ठेवतो आणि त्यावरून घरात माझी थट्टा होते. हा हिशेब जुळत नव्हता. दवंडी दिली असेल तर लोकांना कळायला हवे होते. लोकांना कळले नसेल तर दवंडी दिली नसणार. पण दाखले मी पाहिले होते, ते खरे होते. सह्या खऱ्या होत्या. सही करणारे पाटील मी ओळखत होतो, ते खोट्यावर सही करणारे नव्हते.

परत आल्यावर धनगराच्या गावातल्या हलकीवाल्याला बोलावले. गावात दवंडी देण्याचे काम पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडे होते. डफासारखी हलकी गळ्यात अडकवूनच तो आला. उंच, काटकुळा, आवाज असा की ठाण्याच्या पत्र्याला घुमारा यावा.

“शाळेच्या नोकऱ्यांची दवंडी दिली होतीस?”

“दिली की साहेब. चारी कोपऱ्यावर दिली. येशीजवळ दिली, मारुतीपुढं दिली. एक शबूद गाळला न्हाई.”

“मग गावात कुणालाच माहीत कसं नाही?”

“असं इचारा की साहेब,” तो एकदम म्हणाला. कुणी विचारावे याची तो वाटच पाहत असावा. “दवंडी दिली म्यां. ऐकली कुनी? दोन म्हाताऱ्या, एक तापानं पडलेला मानूस, आन कुत्री. कुत्र्यांनी मातर लई जीव लावून ऐकली. येशीपस्तोर मागं आल्ती.”

“बाकी गाव कुठं होतं?”

“बाजारात!”

जमादारांनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या ठाण्यात नव्या शिपायाला पहिली शिकवण हीच दिली जाई, की बाजाराच्या दिवशी समन्स बजावायला गावात जाऊ नकोस. दाराला कडी सापडेल, माणूस सापडणार नाही. त्या दिवशी मीठ-मिरचीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्या कामांसाठी अख्खे गाव बाजारात लोटते. हे आम्हाला पाठ होते, आणि दाखले पाहताना मला दिवस पाहायचे सुचले नव्हते.

“बाजाराच्या दिवशी कशाला दिलीस?”

“मी कशाला दीन? कागद घेऊन चपराशी आल्ता. म्हनला, आजच द्यायची. मी म्हनलं, बापा, आज गावात चिटपाखरू न्हाई, उद्या देतो. तर म्हने, हुकूम दवंडी द्यायचा हाय, ऐकवायचा न्हाई. जल्दी कर.” तो हलकीवर बोटे आपटत म्हणाला, “साहेब, माझ्या बापानं हीच हलकी वाजवली. कुत्र्यांसाठी वाजवली न्हवती.”

शिपाई चहूकडे पाठवले. दोन दिवसांत गावोगावचे हलकीवाले सांगून गेले. एकूण एक दवंडी बाजाराच्या दिवशी. एकदोन गावांत तसे झाले असते तर मी योगायोग म्हटला असता. इथे एकही गाव सुटले नव्हते. चपराशाला विचारले तेव्हा तो रडकुंडीला आला. कागद कधी न्यायचा हे त्याला तपासनीसांच्याच कचेरीतला एक कारकून सांगत असे. आणि हा कारकून त्या ‘वकीलसाब’चा सख्खा साडू निघाला.

डाव साधा होता. सरकारची खबर गावात वाजायची तेव्हा गाव रिकामे असायचे. त्याच वेळी गाव जिथे जमलेले, तिथे वकीलसाब बसलेला असायचा, आणि तीच खबर कानात सांगायचा. जागा पुष्कळ होत्या, तो ‘एकच आहे’ म्हणायचा. अर्ज फुकट होता, तो मेंढरे मागायचा. दाखले सगळे खरे, आणि सगळे पोकळ.

आता साक्षीदार हवे होते. एका धनगराच्या सांगण्यावर कोर्टात काही टिकले नसते. आम्ही गावांतून विचारपूस केली आणि भिंतीवर डोके आपटल्यासारखे झाले. कुणी कबूलच होईना. काहींना लाज होती. काहींना अजून आशा होती. धावडा गावचा एक शेतकरी तर माझ्या हातापाया पडला. “साहेब, माझ्या पोराचं काम होत आलंय. तुमी मधी पडून मोडू नका.” काय दिलेस, हे विचारले तर बिलकुल तोंड उघडेना. फसलेला माणूस फसवणाऱ्याची एवढी काळजी घेतो, हे मी तिथे पाहिले. त्याला वाटत असते की आपले घोडे त्याच्या गाडीला जुंपलेले आहे.

वकीलसाब बसायचा तो ओटा एका मारवाडी शेठजींच्या दुकानाचा. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले, शेठजी बोलण्याचालण्यात पक्के इथले. मी दुकानात जाऊन बसलो. त्यांनी पाणी दिले, चहा मागवला आणि मी काही विचारायच्या आधीच सुरू झाले.

“साहेब, ओटा माझा, बसनारा माझा न्हाई. पन एक गोष्ट सांगतो. मी कापड विकतो, समोरचा गूळ विकतो, तो पलीकडचा खेटरं विकतो. ह्या मानसाकडं विकायला काहीच न्हाई. ना थैली, ना ताजवा. तरी माझ्यापेक्षा त्याच्याकडं गिऱ्हाईक जास्त! रोज दुकान बंद करताना मी इचार करतो, की हा बाबा विकतो तरी काय?”

“जी गोष्ट फुकट मिळते ती विकतो, शेठजी.”

शेठजींना सगळे सांगितले. ते गालात हसले. “मंग त्याचा माल रस्त्यावर मांडा की. फुकट वाटा. भाव आपोआप पडंल.”

धंदेवाल्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलेला हा उपाय माझ्या सगळ्या चौकशीपेक्षा सरस होता. मी थेट तपासनीसांकडे गेलो. म्हणालो, पुढच्या बाजारात, भर दुपारी, पुन्हा दवंडी द्या.

ते घोटाळले. “नियमात ‘गावी दवंडी द्यावी’ असं आहे. बाजार म्हणजे गाव नव्हे.”

“साहेब, गाव म्हणजे घरं की माणसं? माणसं त्या दिवशी जिथं असतील ते गाव.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मुदत तर संपतेच आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः येतो. अर्जही तिथेच घेतो.”

बाजाराचा दिवस उजाडला. मी बंदोबस्त नेहमीसारखाच ठेवला, जास्त शिपाई दिसू दिले नाहीत. जमादारांना साध्या कपड्यांत जनावरांच्या बाजाराकडे पाठवले. त्यांनी थोड्याच वेळात निरोप धाडला, की वकीलसाबचा गडी वीसेक मेंढरांचा कळप विकायला घेऊन आला आहे. वकीलसाब स्वतः शेठजींच्या ओट्यावर, पाय सोडून, छत्री टेकवून, कुणाच्या तरी कानाशी लागलेला.

उन्हं डोक्यावर आली. बाजार तुडुंब. मिरचीचा ठसका, गुरांचे हंबरणे, घासाघीस. तपासनीस ओट्यावर चढले. शेजारी हलकीवाला उभा राहिला. वकीलसाबला वाटले, आणखी एक सरकारी कागद, वाचतील आणि जातील. तो सरकून बसला एवढेच.

हलकी कडाडली. तसा आवाज मी पुढे कधी ऐकला नाही. बाजार जागच्या जागी थबकला.

तपासनीसांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचे शुद्ध मराठी पहिल्या दोन रांगांपुढे गेले नसते. पण ते एक वाक्य वाचत आणि हलकीवाला तेच आपल्या बोलीत उचलून मागच्या बैलगाड्यांपर्यंत फेकत होता.

“ऐका होऽ ऐका! सरकारी साळांवर मास्तर पायजेत! एक न्हाई, दोन न्हाई, गावागनिक पायजेत! सातवी पास बाप्या असू, बाई असू! जातपात इचारनार न्हाईत!” मग तपासनीसांनी मंजूर शाळांची गावे एकेक करून वाचली आणि त्याने ती एकेक करून हाकारली. प्रत्येक गावाच्या नावावर गर्दीत कुठे तरी मान वर होत होती. “अर्ज हितंच द्या! अर्जाला खर्चा न्हाई!” एवढ्यावर कागद संपला होता. हलकीवाल्याचे संपले नव्हते. त्याने हलकीवर एक थाप दिली आणि पदरचे जोडले, “पैसा न्हाई! तूप न्हाई! मेंढरू न्हाई! कोंबडं बी न्हाई!”

तेवढ्यात मागून एक आवाज आला. तोच धावड्याचा शेतकरी होता.

“आरं, मंग माझा गोऱ्हा कुठं गेला?”

क्षणभर कुणाला कळले नाही. मग हशा असा उसळला की बैल बुजले. त्या हशातच दुसरा ओरडला, “अन् माझ्या तुपाचा डबा?” तिसरी एक बाई, “माझ्या हातातले गोट कुठं हाईत रे, वकीलसाब?” इतके दिवस जे ठाण्यात कानात सांगायला तयार नव्हते, ते भर बाजारात हात वर करून सांगू लागले. लाज एकेकट्याला असते. सगळेच फसले होते म्हटल्यावर ती कुणालाच उरली नाही.

वकीलसाबने छत्री उचलली. ओट्याच्या पायरीवर शेठजी गादीसकट आडवे बसले होते. “बसा की वकीलसाब,” ते म्हणाले. “आज तर खरं गिऱ्हाईक आलंय.”

धनगराला घेऊन मी पुढे झालो. त्याने आवाज चढवला. “मी कुनाकडून काही घेतलं न्हाई. ही खेडवळ मानसं, कुनी शिकवलं असंल यांना.”

“त्या कळपातली चार मेंढरं या धनगराची आहेत, असं तो म्हणतो.”

“सगळी माझ्या घरची. घरी जन्मलेली. ह्या मानसाला मी वळखत बी न्हाई.”

“पंचांसमोर सांगता?”

“बराबर. शंभर पंच आना.”

पंच तिथेच निवडले. शेठजी, एक गुऱ्हाळवाले आणि शेजारच्या गावचे पाटील. कळप मोकळ्या जागी आणून उभा केला. धनगराला मी पंचवीस-तीस हात लांब, कळपाकडे पाठ करून उभे केले. म्हणालो, “मामा, ओळखू येतात का, असं नाही विचारत. त्यांना तुम्ही ओळखू येता का, ते बघू.”

त्याने काठी खाली टेकवली. जीभ टाळूला लावून एक बारीक, लांबट आवाज काढला. प्रत्येक धनगराचा हा आवाज वेगळा असतो. बाप तो मुलाला शिकवतो, दुसऱ्याचे मेंढरू त्यावर कान हलवत नाही. कळपात हालचाल झाली. एका मेंढीने मान वर केली, मग दुसरीने. चार मेंढ्या कळपातून धक्के देत बाहेर पडल्या आणि माणसांच्या पायांमधून वाट काढत धनगराच्या घोंगडीला जाऊन भिडल्या. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

“घरी जन्मलेली म्हनला न?” जमादार वकीलसाबच्या कानाशी म्हणाले. “मंग घरच्या मानसाला सोडून पाव्हन्याकडं कशी गेली?”

पंचनामा तिथेच लिहिला. मेंढ्या मुद्देमालात घेतल्या. दिवस कलेपर्यंत जबाब लिहून लिहून शिपायाचा हात दुखला. फिर्यादी रांग लावून उभे होते.

पण बाजारात त्या दिवशी दोन रांगा होत्या. दुसरी ओट्यापाशी होती, तपासनीसांपुढे. त्या रांगेत पहिली उभी होती ती धनगराची मुलगी. तिने अर्ज स्वतः लिहिला, ओट्याच्या दगडावर कागद ठेवून, एकही खाडाखोड न करता. तपासनीसांनी तो वाचला आणि विचारले, “गाव कुठलं?” तिने सांगितले. ते म्हणाले, “बाई, तुमच्या गावची शाळा तुमचीच वाट पाहतेय.” तिला कुणी पहिल्यांदाच ‘बाई’ म्हटले होते. तिचे आबा मेंढ्यांच्या गर्दीतून ते ऐकत होते. त्यांनी घोंगडीच्या टोकाने तोंड पुसले ते पुसतच राहिले.

ठाण्यात आणल्यावर वकीलसाबने दम धरला नाही. मी आवाज चढवला नाही, हातही उचलला नाही. त्याची गरजच नव्हती. तो म्हणाला, “साहेब, एक गोष्ट बघा. मी खोटं काय बोललो? जागा होत्या. मी सांगितलं की जागा हाय.”

“सगळ्यांची गोष्ट तुम्ही एकट्याची केलीत. आणि ‘एकच आहे’ म्हणालात.”

“पुष्कळ हाईत म्हनलं असतं, तर कुनी मेंढरू दिलं असतं का?”

फसवणुकीच्या धंद्याचे इतके नेमके वर्णन मी कायद्याच्या पुस्तकातही वाचलेले नाही. साडू कारकुनाचे नाव त्याने स्वतःहूनच सांगितले. दोघांवर चारशेवीसचा खटला उभा राहिला, साक्षीदार एकही फुटला नाही, आणि दोघांना शिक्षा झाली. ज्यांचा माल शाबूत सापडला त्यांना तो कोर्टाच्या हुकमाने परत मिळाला. धावड्याचा गोऱ्हा तोवर चांगला दांडगा बैल झाला होता. त्याचा मालक म्हणाला, “खाऊ-पिऊ तर घातलं मानसानं.”

मुदत संपली तेव्हा तपासनीसांकडे जागांपेक्षा अर्ज जास्त होते. एकही शाळा परत गेली नाही. त्यांनी मला चिठ्ठी पाठवली. त्यात लिहिले होते, वर कळवायचे वाक्य बदलावे लागले.

मुख्य गोष्ट त्यानंतर घडली. शेठजींनी आपल्या ओट्याच्या भिंतीवर काळा रंग देऊन एक फळा करवून घेतला. दर बाजाराला तपासनीसांचा माणूस त्यावर लिही: कुठल्या गावात शाळा आहे, मास्तर किती, जागा किती मोकळ्या, मुले किती, त्यांत मुली किती. तो वाचून दाखवी आणि हलकीवाला ते हाकारी. थोड्याच दिवसांत रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर येऊन म्हणाले, आमचंही लिहा, मजूर किती हवेत, किती दिवस. मग जालन्याच्या जिनिंगवाल्यांनी हंगामाचे निरोप पाठवले. आधी ही खबर एखाद्या मुकादमाच्या खिशात असे आणि त्याच्या मर्जीने बाहेर येई. आता ती भिंतीवर होती.

आणि लोक प्रश्न विचारू लागले. एका बाजारात एक म्हातारी फळ्यासमोर उभी राहून हलकीवाल्याला म्हणाली, “शेजारच्या गावात पोरी किती म्हनलास? आन आमच्या गावात एक बी न्हाई? का बरं? आमच्या पोरी काय झाडाला लागल्या?” तपासनीसांना त्याच जागी उत्तर द्यावे लागले. पुढच्या वर्षी तिच्या गावाला शाळा मिळाली. कुठलाही अर्ज, कुठलाही मोर्चा नव्हता. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले होते आणि ते सगळ्यांना ऐकू गेले होते, एवढेच.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. ‘हुकूम पोचवला’, ‘सूचना दिली’, ‘जाहीर केले’ असे कुठल्याही कागदावर दिसले, की मी विचारी, ऐकायला कोण होते? नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत विचारत राहिलो. पुष्कळांना त्याचा राग येई. पण या एका प्रश्नाने जितक्या भानगडी उघड्या पडल्या तितक्या छडीने कधी पडल्या नाहीत. लपवायची गोष्ट कुलपातच ठेवावी लागते असे नाही. रिकाम्या गावात ती मोठ्याने ओरडून सांगितली तरी लपते.

माझी बदली झाली तेव्हा निघण्याआधी एकदा बाजारातून चक्कर मारली. फळ्यासमोर नेहमीसारखी गर्दी होती. पण हलकीवाला त्या दिवशी नुसता हलकी वाजवून बाजूला झाला होता. ओट्यावर धनगराची मुलगी उभी होती, हातात खडू. आपल्या गावात शाळेच्या वयाच्या मुली किती, शाळेत येतात किती, घरी राहतात किती, हे ती लिहीत होती आणि खणखणीत आवाजात वाचत होती. वाचून झाल्यावर ती गर्दीकडे पाहत, वाट बघत उभी राहिली. थोड्या वेळाने एक बाई आपल्या मुलीचा हात धरून पुढे आली. मग दुसरी आली. मग एक बाप, मुलगी खांद्यावर.

तिचे आबा माझ्या शेजारी काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

“साहेब,” ते म्हणाले, “मी समजत होतो, हाक मारायची कला आमच्या घरात माझ्यावरच खपली. माझ्या हाकेला चार मेंढरं आली, तर तुमी पंचनामा केल्ता. आता लिवा म्हनावं, पोरीच्या हाकेला कोन कोन येऊन राह्यलं.”